चौथ्या वहीतला कुरव

१४ ऑक्टोबर

मामा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करतात हे मला शिकवलेलं आहे. तरी केलेला नाही.

कामापुरतं लिहिते. माझी बदली झाली आहे, आणि ती नेमकी तुमच्या मैलापाणी केंद्रात. प्रयोगशाळेत केमिस्ट. रोज सकाळी चारही तळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तपासायच्या, आकडे लिहून सही करायची. तुम्ही मे महिन्यात निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलात आणि मी ऑक्टोबरात आले, एवढं एक बरं झालं. नाहीतर रोज सकाळी तुमचं तोंड बघावं लागलं असतं.

पंपघरातल्या लोखंडी कपाटात तुमच्या पंचवीस वह्या सापडल्या. नव्या पंप ऑपरेटरला कपाट हवं आहे, त्याला डबा ठेवायचा आहे. तुमच्या पत्त्यावर पाठवू की भंगारात देऊ? आठ दिवसांत कळवा. फोन केला होता. तुम्ही तीनदा "कोण?" म्हणालात आणि ठेवून दिलात, म्हणून हे पत्र.

अजून एक. साहेब जानेवारीत चार नंबरचं तळं रिकामं करून गाळ काढणार आहेत. तुमचं लाडकं तळं. मला त्याचं काही नाही, सांगायला हवं म्हणून सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलमध्ये होती, ते पंधरा दिवस तुम्ही याच तळ्यावर पक्षी मोजत होतात. मी अकरा वर्षांची होते. रोज विचारायचे, मामा आला का? शेवटी तुम्ही उगवलात तेव्हा सगळं संपलं होतं. पायात गमबूट, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात दुर्बीण. बाबा म्हणाले, "पक्षी मोजत होता." तुम्ही नाही सुद्धा म्हणाला नाहीत. त्या वह्यांना हात लावला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला टिटवी म्हणू नका.

तुमची भाची


२१ ऑक्टोबर

टिटवे,

आशीर्वाद तुला नको असतील, तरी पाठवतोय. पाकिटाचं वजन त्याने वाढत नाही.

दुसरं काही म्हणायची मला सवय नाही. तू रडायला लागलीस की अख्खी गल्ली दारात यायची. टिटवीचं तसंच असतं. कुणी जवळून गेलं तरी तिला वाटतं, आपल्यावरच चालून आलंय.

वह्या फेकू नकोस. तुझ्या पाया पडतो असं लिहिलं असतं, पण मामाने भाचीच्या पाया पडलेलं तुला आणखी खटकेल. नीट ऐक. पक्षी मंडळाच्या चिटणीस बाई आहेत. एखाद्या पाण्यावर सलग पंचवीस हिवाळ्यांची मोजणी असली, तर ते राखीव यादीत जातं. एकदा यादीत गेलं की हिवाळ्यात कुणाचा बाप ते रिकामं करू शकत नाही. माझे पंचवीस या मार्चला पुरे झाले. अर्ज करणार, तोवर मुलाने ट्रक आणला, सामान भरलं आणि मलाही भरलं. वह्या राहिल्या.

अट एकच. अर्जाच्या वर्षीही मोजणी चालू हवी. ती आता तुझ्याशिवाय कोण करणार? रोज पहाटे साडेसहा ते आठ, चार नंबरच्या बांधावरून. वेळ बदलायची नाही. आज पहाटे आणि उद्या दुपारी मोजलं तर ती मोजणी नव्हे.

कपाटाच्या वरच्या खणात दुर्बीण आहे. पुस्तकही आहे, पण ते आधी उघडू नकोस. नवशिका पक्षी बघायच्या आधी चित्र बघतो, मग त्याला जिथेतिथे चित्रच दिसतं. आधी पक्ष्याकडे बघ. चिमणीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी? पाय लांब की आखूड? काय करतोय? शेपूट हलवतोय, गोल फिरतोय, बुडी मारतोय? हे लिहून झालं की मग रंग. रंग सगळ्यात शेवटी. रंग ऋतूप्रमाणे बदलतो, सवय बदलत नाही.

चिखलाचं म्हणशील, तर हो, होता.

मामा


४ नोव्हेंबर

मामा,

"हो, होता." बावीस वर्षांनी एवढंच? तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

मोजणी सुरू केली आहे. हुरळून जाऊ नका, तुमच्यासाठी नाही. साहेबांकडे गेले होते. म्हटलं, त्या तळ्यावर पक्षी असतात. ते म्हणाले, "चार बदकं असतात, दुसरीकडे जातील." मी विचारलं, "मोजलीत का?" तर हसले. न मोजता आकडा सांगणाऱ्या माणसाचं मला डोकं फिरतं, मग ती बदकं असोत नाहीतर पाण्यातले जंतू. म्हणून मोजते आहे. साहेबांच्या टेबलावर आपटायला.

पहिल्या दिवशी एकशे दहा बदकं निघाली. चार म्हणे!

तुमच्या पद्धतीने लिहिते. एक: बदकच, पण चोच पुढे जाऊन थापीसारखी पसरलेली. पाण्यात मान घालून चाळत चाळत जातं. सात-आठ मिळून एकामागे एक गोल फिरतात. मग पुस्तक उघडलं. थापट्या. दोन: चिमणीपेक्षा थोडा लांबट, काळापांढरा, बांधावरून तुरुतुरु चालतो आणि शेपूट क्षणभरही गप्प ठेवत नाही. धोबी. तीन: तपकिरी, एकटा, काठाच्या दगडावर. याचं पुढचं सगळं ठीक, पण मागची बाजू सारखी खालीवर. उडाला की पाण्यालगत, पंख ताठ धरून. हा तुतारी. बरोबर?

आता चौथा. पांढरा, कावळ्याहून जरा लहान, पंखांवर राखाडी, चोच आणि पाय लाल. दुसऱ्या तळ्यावर पस्तीस होते. तुमच्या गेल्या वर्षीच्या वहीत त्यांना "काळ्या डोक्याचा कुरव" म्हटलंय. मी पस्तीसच्या पस्तीस डोकी तपासली. सगळी पांढरी! पंचवीस वर्षं लोकांना काय सांगत होतात तुम्ही?

आईबद्दल विचारलेल्याचं उत्तर दिलं नाहीत. मी विसरलेली नाही.

तुमची भाची


१२ नोव्हेंबर

टिटवे,

थापट्या, धोबी, तुतारी, तिन्ही बरोबर. तुतारीच्या खांद्यापाशी पांढरी पाचर दिसते, उद्या बघ.

कुरवाचं मात्र तुझं भांडण नाव ठेवणाऱ्याशी आहे, माझ्याशी नाही. त्या माणसाने तो उन्हाळ्यात पाहिला, दूर उत्तरेला, जिथे तो घरटं करतो. तिथे त्याचं डोकं गडद असतं, टोपी घातल्यासारखं. इकडे यायच्या आत ती पिसं गळतात. आपल्याकडे हिवाळाभर डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका, काजळ पुसताना राहून जावं तेवढा. तो ठिपका तुला दिसला नाही, कारण तू काळी टोपी शोधत होतीस. सगळे नवशिके हीच चूक करतात, मीही पहिल्या वर्षी केली. पुन्हा कधी केली नाही.

हे पक्षी किती लांबून येतात याचा विचार कर. तिकडे पाणी गोठतं, चोच रुतत नाही, म्हणून निघतात. ऊब मिळते म्हणून येतात असं लोकांना वाटतं. ऊब नव्हे, पोट. आणि वर्षानुवर्षं त्याच पाण्यावर. जानेवारीत इथे येऊन तळं कोरडं मिळालं, तर त्या अंगात पुढे उडायला काय उरलेलं असणार? साहेबांना हे विचार.

वह्या सगळ्या एकत्र बांधून बाईंना दे. चौथीची शिवण सुटली आहे. ती उघडत बसू नकोस, पानं निखळतील.

ताईबद्दल मी लिहिणार नाही. तुला राग आहे, तो असू दे.

मामा


९ डिसेंबर

मामा,

"राग असू दे" म्हणे. जसा काही तुम्हीच आणून दिलात!

ठिपका दिसला. एकशे चाळीस कुरव, एकशे चाळीस ठिपके. स्वतःवर चिडले, महिनाभर डोळे होते कुठे माझे. थापट्ये तीनशेवर गेलेत. तुतारीची पाचर पाहिली. काल एक भोवत्या, तो शिकारी पक्षी, बांधावरून तरंगत गेला आणि सगळं तळं एकदम उठलं. माझी नव्वदपर्यंतची मोजणी वाया गेली. शिव्या घातल्या त्याला. पंप ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, तुम्ही अगदी मामांसारख्या ओरडता." त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आकडे साहेबांसमोर ठेवले. म्हणाले, अर्जाचा निकाल ३१ जानेवारीपर्यंत आणा, तोवर थांबतो. यादीत आलं तर ठीक, नाहीतर एक फेब्रुवारीला पंप लावणार. म्हणजे सगळं तुमच्या पंचवीस वह्यांवर आलं. बाई म्हणाल्या, वह्यांची नीट नक्कल करून द्या, मूळ प्रत तपासायला आणा. आता मी रोज संध्याकाळी घरी तुमचं गिचमिड अक्षर उतरवत बसते. बाबा विचारतात, हे काय? मी म्हणते, ऑफिसचं.

हे सगळं करून मी तुम्हाला माफ केलंय असा अर्थ काढू नका.

भाची


६ जानेवारी

मामा,

चौथी वही उघडली. नक्कल करायची तर उघडावीच लागणार होती, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

खोटारडे आहात तुम्ही.

आईच्या आजारातला तो हिवाळा. २८ डिसेंबर ते ११ जानेवारी, रोजची नोंद, एक दिवस चुकलेला नाही. वर चित्रंसुद्धा. बाकी चोवीस वह्यांत तुमचे पक्षी बटाट्याला काड्या टोचल्यासारखे आहेत, आणि या पंधरा दिवसांत एकदम सुबक! बारीक तुटक रेघा, कापडावर नक्षी उतरवावी तशा. शेवटचा थापट्या अर्धाच आहे, त्याला पाय नाहीत, तोही कंटाळा आला असेल म्हणून सोडला असेल.

आणि ५ जानेवारीला काळ्या डोक्याचा कुरव. चित्रात डोकं गच्च काळं भरलेलं. खाली लिहिलंय, "टोपी फार छान दिसते." जानेवारीत! मला ठिपक्यावरून शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला जानेवारीत टोपीवाला कुरव दिसला? तुम्ही तळ्यावर नव्हताच. पुस्तकातलं उन्हाळ्याचं चित्र बघून काढलंत. मग बाकीचे आकडेही बघितले. रोज गोल गोल. चाळीस, साठ, शंभर. खऱ्या मोजणीत असे आकडे येत नाहीत, हे माझ्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

बावीस वर्षं मी समजत होते की तुम्हाला आईपेक्षा पक्षी प्यारे होते. निदान पक्षी तरी प्यारे होते! तुम्ही आईजवळ नव्हता आणि तळ्यावरही नव्हता. मग कुठे तोंड काळं करत होतात? कुणाकडे होतात?

आता तुमच्या पापाचा धोंडा माझ्या गळ्यात. ही वही तशीच दिली तर खोटी नोंद मी खरी म्हणून दिली. काढून घेतली तर सलग पंचवीस मोडतात आणि तळं जातं. पंधरा दिवसांत उत्तर हवं, आणि या वेळी पूर्ण.


१३ जानेवारी

टिटवे,

तोंड सांभाळून बोल. तुझ्या मामाने आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, पण तू म्हणतेस तसलं काही केलं नाही. आता मला राग आलाय, आणि तो आला म्हणूनच लिहून होतंय. नाहीतर मरेपर्यंत लिहिणार नव्हतो.

ती चित्रं ताईने काढली आहेत.

तुझी आई दुकानासाठी कापडावर नक्षी उतरवायची, हे तुला आठवत असेल किंवा नसेल. तशाच रेघा आहेत. तुला ओळखू आल्या नाहीत, कारण भाऊजींनी तिचं सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. त्यांचा दोष नाही, त्यांना बघवत नव्हतं.

ताईला ॲडमिट केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भाऊजींशी भांडलो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवा म्हणत होतो. ते म्हणत होते, डॉक्टर नको म्हणतात, वाटेत काही झालं तर? मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुम्ही मारताय तिला." टिटवे, डॉक्टरांचं बरोबर होतं. मला ते नंतर कळलं. भाऊजी म्हणाले, पुन्हा इथे दिसलास तर तंगडं मोडीन. मी त्यांच्या जागी असतो तर तिथेच मोडलं असतं.

तिथे रात्रपाळीची एक नर्स होती. तिने मला मागच्या दाराने घेतलं. वेळ पहाटे साडेसहा ते आठ. साडेआठला भाऊजी यायचे. म्हणजे नेमकी मोजणीची वेळ. दोन्हीकडे असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ताईने विचारलं, "आज किती बदकं?" मी म्हटलं, गेलो नाही. तिला राग आला. त्या वह्यांची कव्हरं तीच शिवून द्यायची. म्हणाली, "माझ्यापायी वही रिकामी ठेवायची नाही. आण इकडे. मी मोजते." आणि खरंच मोजायला लागली. उशीला टेकून, डोळे मिटून. "आज धुकं आहे, चाळीसच दिसतात." मी म्हणायचो, ताई, तू कधी तळं पाहिलं तरी आहेस का? ती म्हणायची, "तू दहा वेळा सांगितलंस, त्यात काय बघायचं राहिलं?" पुस्तकात बघून चित्रं काढायची. कुरवाची टोपी काढताना मी म्हटलं, अगं, हिवाळ्यात डोकं पांढरं असतं. तर म्हणाली, "असू दे. मला टोपीवाला आवडला." मी आजारी बहिणीशी वाद घालणार होतो का?

थापट्याला पाय नाहीत, कारण तिथे तिच्या हातातली पेन्सिल सुटली. ११ तारीख. मी आठला निघालो, तळ्यावर आलो, पंधरा दिवस साचलेला गाळ उपसायला उतरलो. तिथे निरोप आला. तसाच धावलो. तो चिखल तू पाहिलास.

मी का बोललो नाही? तिने शपथ घातली होती. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "पोरीला कुणाचा तरी राग येणारच. तिला बापाबरोबर राहायचंय. बापाने मामाला दारात उभं केलं नाही, हे तिला कळलं तर ती त्याच्यावर राग धरून वाढेल. त्यापेक्षा तुझ्यावर धरू दे. तू लांब असतोस." मी हो म्हटलं. किती वर्षांसाठी, ते विचारायचं राहिलं.

आता तुला कळलं. वही तशीच दे. चिटणीस बाईंना टोपी कळणार नाही, पंचवीस वह्यांत कोण एक चित्र बघतंय? ताईचे पंधरा दिवस धरूनच पंचवीस होतात. तळं वाचव.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहायला बसले की कागद फाटायचा, इतका पेन दाबला जायचा.

तुम्हाला वाटलं असेल, पत्र वाचून मी रडेन आणि सगळं मिटेल. रडले. मिटलं नाही. तुम्ही दोघा बहीणभावांनी बसून माझा राग कुणाला द्यायचा ते ठरवलंत, एखाद्या घरातलं कपाट कुणाकडे जावं हे ठरवतात तसं! मला कुणी विचारलं? शाळेत निबंध होता, "माझे मामा". मी कोरा कागद दिला आणि छड्या खाल्ल्या. तुम्ही पाठवलेला फ्रॉक मी कात्रीने कापला. तुमच्या मुलाच्या लग्नाला आले नाही. ते सगळं आता कुठे नेऊन ठेवू? आईवर ओरडता येत नाही. म्हणून तुमच्यावर ओरडते, ऐका.

बाबांना विचारलं. ते जेवत होते. तुमचं पत्रच समोर ठेवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यांनी. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"तो यायचा ते. नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं. मी सातलाच यायचो, खाली बाकावर बसून राहायचो. तो मागच्या दाराने गेला की वर जायचो."

"मग मला 'पक्षी मोजत होता' का म्हणालात?"

"तुझ्या आईने तसं सांगायला सांगितलं होतं."

मामा, म्हणजे तुम्ही तिघंही एकच गोष्ट लपवत होतात आणि एकमेकांपासूनही लपवत होतात. तुम्हाला वाटत होतं बाबांना माहीत नाही. बाबांना वाटत होतं, त्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत नसलेलं बरं. मी ताट उचलून मोरीत आपटलं. बाबांनी तुकडे गोळा केले. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतं बोलतो.

आता वही. तशीच दिली नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही. मी रोज पाण्याच्या आकड्यांवर सही करते. एकदा एक आकडा प्रेमाने खोटा लिहिला, की उद्या साहेबांच्या सोयीने दुसरा लिहीन. त्या पंधरा दिवसांवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "या काळात मोजणी झालेली नाही. मोजणारा आजारी बहिणीजवळ होता." खाली सही केली.

चिटणीस बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "पाचव्या वहीपासून धरावं लागेल. हा हिवाळा धरून बावीस. यादीत जात नाही." मी म्हटलं, माहीत आहे.

३० जानेवारीला साहेबांकडे गेले. ते पंपाची ऑर्डर काढूनच बसले होते. मी म्हटलं, साहेब, चार नंबर आता रिकामं केलं तर त्याचा भार उरलेल्या तीन तळ्यांवर पडेल. थंडीत जंतू अर्धमेले असतात, पाणी साफ होणार नाही, बाहेर सोडलेल्या पाण्याचे आकडे नापास येतील. ते म्हणाले, "थोडं सांभाळून घ्यायचं." मी चौथी वही उघडून लाल रेघ त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, माझ्या मेलेल्या आईचे आकडे मी सांभाळून घेतले नाहीत. तुमचे घेईन असं वाटतं का?

वाचलं त्यांनी. पुढचा अर्धा तास माझ्यावर ओरडले, मीही ओरडले, बाहेर पंप ऑपरेटरने चहा तीनदा परत नेला. शेवटी ऑर्डरवर तारीख बदलली. गाळ जूनमध्ये निघेल. या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा भांडायचंय.

भाची


२२ फेब्रुवारी

टिटवे,

पंचवीस मोडलेस! माझं अख्खं आयुष्य त्यात होतं, आणि एका लाल रेघेने बावीस केलेस! पत्र वाचलं आणि काठी भिंतीवर आपटली. सून धावत आली.

मग ती समासातली ओळ पुन्हा वाचली. "मोजणारा आजारी बहिणीजवळ होता." बावीस वर्षांत हे कुणी कुठे लिहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

भाऊजी खाली बाकावर बसायचे? थंडीत? मला सांगितलं असतं तर मी साडेसातलाच निघालो असतो.



मामा


१४ मार्च

मामा,

पाच ते एकोणतीस धरले तर पंचवीस होतात. म्हणजे यंदानंतर अजून तीन हिवाळे. मी मोजते आहे. तुम्ही तोवर जिवंत राहायचं, मध्येच पळून जायचं नाही. पुन्हा न सांगता गेलात तर याद राखा.

थापट्ये निम्मे गेले. काठावर धोबी दोनच उरले. काल पहाटे दोन नंबरवर साठ कुरव होते, अंग चोरून बसलेले. मोजता मोजता बाविसाव्याशी थांबले. दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं. डोकं गडद. पूर्ण, मानेपर्यंत. मग बाजूचा बघितला, त्याची टोपी अर्धी भरलेली. आणखी नऊ निघाले.

तुम्हाला हे माहीतच होतं. निघायच्या आधी इथेच त्यांची डोकी भरायला लागतात, मार्चमध्ये. मला कधी लिहिलं नाहीत. लपवायची खोडच आहे तुम्हाला! आईचा कुरव चुकला नव्हता मामा, फक्त दोन महिने लवकर होता. निघायच्या तयारीतला होता. मार्चपर्यंत ती राहिली असती आणि तुम्ही तिला बांधावर आणलं असतंत, तर तिने तसाच्या तसा बघून काढला असता. तुम्ही तिला एकदाही का आणलं नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मला पत्रात नको आहे.

लाल रेघ तशीच ठेवली आहे. आकडे खोटे ते खोटेच. पण ती पंधरा पानं बाईंनी मला सोडवून दिली, आणि बाबांनी काल पेटीचं कुलूप उघडलं. मी सांगितलं नव्हतं. पानं त्यांनी स्वतः आत ठेवली. आज पहाटे मी निघाले तेव्हा दारात बूट घालून उभे होते. बांधावर आले आणि म्हणाले, "त्याला लिही, या वेळी पुढच्या दाराने ये म्हणावं."

रविवारची गाडी धरा. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्याने ओरडणार आहे, बरंच साठलंय. गमबूट कपाटात आहेत, पंप ऑपरेटरच्या डब्याशेजारी. घरात येताना ते बाहेर काढायचे.

टिटवी